पुढचं कुणालाच दिसत नाही, मग मुलांच्या हाती काय द्यायचं?

मीठमिरची:
मुलगा नववीत आहे. सोसायटीत, शाळेच्या ग्रुपवर, लग्नकार्यात, कुठेही भेटलं तरी आयांचा विषय एकच: दहावीनंतर काय, कुठला क्लास, कॉम्प्युटर घ्यावं की एआय आल्यावर आता त्यात काही राम उरला नाही. त्यात नवऱ्याच्या कंपनीतून (तो ऐरोलीला जातो) मागच्या तिमाहीत बरीच माणसं कमी केली. पंधरा-पंधरा वर्षं तिथे काढलेली माणसं. नवऱ्याचं नाव यादीत नव्हतं, पण तेव्हापासून घरात एक धास्ती आहे आणि ती मुलाला जाणवत नसेल असं मला वाटत नाही.

मी लालबागच्या चाळीत वाढले. आजोबा गिरणीत, वडील त्याच गिरणीत साचेखात्यात. त्या काळी पोराचं पुढे काय होणार याचा घोर कुणी लावून घेत नसे. अठराचा झाला की बापाच्या ओळखीने बदलीत लागायचा, सकाळी गेटवर उभं राहायचं, मिळेल त्या दिवशी काम करायचं, काही वर्षांनी कायम. इतकी खात्रीची वाट आज कुठल्याच पालकापुढे नसेल. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप मागे घेतल्याचं रीतसर कुणी कधी जाहीरच केलं नाही. हजारो लोक कामावर परत गेलेच नाहीत आणि हळूहळू गिरण्याच राहिल्या नाहीत.

मी तेव्हा नुकती शाळेत जायला लागले होते, त्यामुळे संपाचं बरंचसं आईकडून आणि थोरल्या भावाकडून ऐकलेलं. पण नंतरचं मी स्वतः पाहिलं. आमच्या मजल्यावर सगळ्यांचा पगार जवळपास सारखा, खोली सारखी, संपही तोच. तरी पुढच्या दहा वर्षांत घराघरांची गत किती वेगळी झाली! काही बिऱ्हाडं गावी परतली. काही घरांतला कर्ता माणूस खचला तो खचलाच. आणि काही घरं हाल काढून पुन्हा उभी राहिली.

उभी राहिली त्यांतल्या बऱ्याच घरांत बाई खानावळ चालवायची. गावी कुटुंब ठेवून आलेल्या कामगारांना डबा घालणाऱ्या या बायका. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तोवर त्या सावकाराच्या दारात उभ्या असायच्या. पण संपात खानावळीही बुडाल्या, जेवणाऱ्यांकडेच पैसा नव्हता. तरी ती घरं तरली, कारण त्या बाईला उधारीचा हिशेब ठेवता यायचा, दुकानदाराशी बोलता यायचं, बँकेच्या साहेबापुढे उभं राहता यायचं, आणि घरातली पोरं डबे पोचवता पोचवता हे सगळं बघून तयार झालेली होती. आमच्या घरी वडिलांनी आम्हा मुलांपासून काही लपवलं नाही. पगार बंद आहे, अमुक विकलंय, अमुक देणं आहे. माझा भाऊ तेव्हा सातवीत होता, वाण्याकडे जाऊन महिनाभराची मुदत मागून आला होता. आज तो स्वतःचं वर्कशॉप चालवतो आणि सांगतो की धंद्यातलं सगळ्यात अवघड काम मी तेव्हाच शिकलो.

कुठलं करिअर टिकेल याचा अंदाज लावण्यात आपण पालक सगळी शक्ती घालवतोय, आणि तो अंदाज कुणालाच येणार नाही असं माझं ठाम मत झालंय. वाट बंद झाली तर दुसरी शोधायची ताकद मुलांत कशी येते, यावर बोलूया का? सगळं हातात मिळणाऱ्या, डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलाला ती कशी द्यायची?

खडूफळा:
उत्तम धागा. तुमच्या गिरणीसारखीच आमच्या मराठवाड्यातली गोष्ट सांगतो: डी.एड., म्हणजे शिक्षकाची पदविका.

बारावीनंतर दोन वर्षं डी.एड. करायचं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत चिकटायचं, हा एकेकाळी आमच्याकडे सर्वांत भरवशाचा रस्ता होता. मी त्याच रस्त्याने आलो. मग २००० नंतर गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजं निघाली, लोकांनी शेत गहाण टाकून पोरांना घातलं, आणि २०१० नंतर भरती आटली. कॉलेजं ओस पडली. माझ्या मागून बाहेर पडलेली हुशार पोरं आज कुठे आहेत ते मी बघतो. जी पोरं दोन-तीन वर्षांत दुसरीकडे वळली (कुणी मेडिकल दुकानात लागून पुढे फार्मसी केली, एकाने ठिबकची डीलरशिप घेतली, एक जण पुण्यात गोदाम सांभाळतो) ती बरी आहेत. जी ‘यंदा निघेल भरती’ म्हणत दहा वर्षं बसली, त्यांचं वय गेलं, लग्नं अडली, आईबापांशी बोलणं तुटलं. हुशारीत दोघांत काडीचा फरक नव्हता. फरक एवढाच की पहिल्या गटातल्या पोरांच्या घरी कुणीतरी वेळेवर म्हणालं, ‘बास, आता दुसरं बघ, आम्हाला त्यात कमीपणा वाटत नाही.’

स्पर्धा परीक्षांचंही तेच चाललंय. एमपीएससीची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्यावरून २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली, आणि बदल २०२५ पर्यंत पुढे ढकलावा लागला. परीक्षेची पद्धतसुद्धा जिथे पक्की नाही, तिथे सहा-सात वर्षं एकाच परीक्षेवर लावणं किती जोखमीचं! माझं पालकांना सांगणं असतं की मूल तयारीला बसेल त्याच दिवशी किती वर्षं हे बोलून ठरवा. नापास झाल्यावर ठरवायला बसलात तर ते त्याला शिक्षा वाटते.

अबोली:
वाचते आहे. मुलगी सहा वर्षांची. कोडिंग क्लासवाल्यांचे फोन थांबत नाहीत, ‘आत्ता नाही शिकली तर मागे पडेल’ म्हणतात. खरंच भीती वाटते ऐकून. काय करावं?

माणदेशी:
आम्ही सांगोला तालुक्यातले. अनिश्चिततेत जन्मलेली माणसं, पावसाचाच भरवसा नाही तिथं बाकीचं काय! आजी ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती, सुकडी आणि मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाऊन दिवस काढले. त्याच दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली, हे शाळेत पोरांना कुणी सांगत नाही. सांगायला पाहिजे. आपल्या मागच्या माणसांनी काय सोसलं आणि त्यातून काय मिळवलं हे माहीत असलं की पोरगं लवकर हातपाय गाळत नाही.

आमच्याकडं डाळिंबानं बंगले झाले आणि तेल्या रोगानं बागा बसवल्या, दोन्ही एकाच पिढीत. माझ्या बापानं सगळं रान डाळिंबाखाली घातलं नव्हतं, थोडी ज्वारी, दोन म्हशी, कडेला शेवगा ठेवला होता. लोक हसायचे. तेल्या आला तेव्हा दुधावर घर चाललं. पोरांचंही मला तसंच वाटतं, अख्खं रान एकाच पिकाखाली घालू नये. माझी मुलगी बारावी सायन्सला आहे, पण बागेची फवारणीची वही तीच ठेवते. औषध कुठलं, किती, कधी, खर्च किती. व्यापारी आला की भावाची बोलणी तिच्यासमोर होतात. मागच्या हंगामात तिनंच दुसऱ्या मार्केटचा भाव काढून व्यापाऱ्याला अडवला. डॉक्टर हो की आणखी काही हो, हे तिच्यापासून कुणी काढून घेऊ शकत नाही.

सातासमुद्रापार:
न्यू जर्सीहून लिहितेय. इथली अनिश्चितता कागदावर छापलेली असते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर मुक्काम हलवायचा. आणि मुलं आईवडिलांच्या व्हिसावर आलेली असतील तर एकविसाव्या वर्षी त्यांचा एच-४ संपतो. माझी मुलगी चार वर्षांची असताना आली. ग्रीन कार्डची रांग तिच्या एकविसाव्या वाढदिवसाआधी हलेल असं दिसत नाही. ती इथलीच आहे मनाने, पण कागदाने नाही.

आम्ही तिला हे बाराव्या वर्षी सांगितलं. नकाशा पुढे ठेवून. इथेच विद्यार्थी व्हिसा घेता येईल, कॅनडा आहे, जर्मनी आहे, पुणे आहे. ओळखीच्या बऱ्याच घरांत मुलांना हे कॉलेजचे अर्ज भरताना कळतं, आणि तो धक्का फार वाईट असतो. आमचीनेही पहिले काही दिवस दार लावून घेतलं. मग तिने स्वतःच जर्मन शिकायला घेतली. इथल्या मंडळाच्या मराठी शाळेत ती आधीपासून जात होतीच. आता आजीला फोनवर सांगते, पुण्यात आले तर रिक्षावाल्याशी मीच बोलणार. भाषा येत असली की देश बदलायची भीती निम्मी होते, हे मी रोज पाहते.

पहिलीपिढी:
सगळ्यांचं वाचलं. आदराने सांगतो, मला एक गोष्ट पटत नाही.

‘डिग्रीच्या मागे लागू नका, जीवनकौशल्यं शिकवा’ हा सूर गेल्या काही वर्षांत फार ऐकू येतो. हे बोलणाऱ्यांच्या घरी बहुतेक वेळा आधीच दोन पिढ्यांची डिग्री असते, फ्लॅट असतो, ओळखी असतात. माझे वडील शेतमजूर. मला बाप कष्ट करताना दिसत होता, उधारी मागताना दिसत होता, ‘खरं काम’ मी सहावीपासून केलंय. त्याने मला कणखर केलं असेल, पण वर काढलं ते समाजकल्याणच्या वसतिगृहाने, भारत सरकार शिष्यवृत्तीने आणि इंजिनीअरिंगच्या कागदाने. तो कागद नसता तर माझ्या सगळ्या कणखरपणासकट मी आज दुसऱ्याच्या रानात असतो.

माझ्या मुलीला मी अभ्यासाला बसवतो. गणित पक्कं, इंग्रजी पक्कं, मार्क चांगले. ज्याच्या पाठीशी काही नाही त्याने अनिश्चित काळात तर डिग्रीला जास्तच धरून राहावं. नोकऱ्या कमी होतात तेव्हा आधी कुणाला बाहेर ठेवतात ते आम्हाला माहीत आहे.

मीठमिरची:
@पहिलीपिढी, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. डिग्री सोडा असं मला म्हणायचं नाही, आणि माझ्या मुलालाही मी अभ्यासातून सूट देणार नाही. आमच्या चाळीतही जी पोरं रात्रशाळेतून मॅट्रिक झाली त्यांना बँकेत, पोस्टात, महापालिकेत जागा मिळाल्या, हे खरंच आहे. माझा मुद्दा डिग्री असलेल्या मुलांचाच आहे. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातून गेलेल्या सगळ्यांकडे डिग्री होती. त्यातल्या काहींनी तीन महिने घरी सांगितलंच नाही. रोज डबा घेऊन निघायचे आणि कुठल्यातरी मॉलमध्ये बसायचे. चाळिशीच्या माणसाला आपल्या बायकोला ‘माझी नोकरी गेली’ म्हणता येऊ नये, हे त्याला लहानपणी कुणी शिकवलं? ते मला माझ्या मुलात येऊ द्यायचं नाही.

पहिलीपिढी:
हे मात्र पटलं.

रानवारा:
दोन्ही गोष्टी एकत्र करणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ राबवलं. पोरं शेतात, विहिरीवर काम करायची आणि शिकायचीही. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ त्यातूनच आलं. त्यात डिग्री आणि हातकाम यांचं भांडणच नव्हतं.

मी शिरूर भागातला आहे. आमच्या पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतल्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, माती-पाणी परीक्षण, स्वयंपाक-आरोग्य असं सगळं शिकायचं, आणि केलेलं काम गावाच्या उपयोगी पडलं पाहिजे. मुलाने बनवलेलं गेट खरोखर कुणाच्या तरी घराला लागतं, माप चुकलं तर ते बसत नाही आणि मालक बोलतो. हे ‘मालक बोलतो’ फार महत्त्वाचं. घरातली लुटुपुटीची कामं, स्टार काढून बक्षीस, याने हे येत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना कारागिरांकडे जायचं सांगितलंय. तुमची शाळा ते करते का विचारा. नसेल तर मे महिन्यात मुलाला ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे, बेकरीत, रोपवाटिकेत नुसतं बघायला आणि हाताखाली मदतीला पाठवा. पैशासाठी नाही आणि यंत्रावर नाही, चौदाच्या आतल्या मुलांना कामाला ठेवणं गुन्हा आहे.

वाशिष्ठी:
इथे सगळं नोकरीभोवती चाललंय म्हणून लिहिते. आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजला पूर्ण पाण्यात होता. नवरा रत्नागिरीला अडकलेला, मी दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे. लाईट नाही, रेंज नाही, मग मोबाईल बंद. आणि तेव्हा कळलं की घरात कुणालाच कुणाचा नंबर पाठ नाही.

आता आमच्याकडे धाकट्यालासुद्धा चार नंबर पाठ आहेत, शिवाय ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८. दोघांनाही पोहायला येतं. कागदपत्रं माळ्यावर एका पिशवीत, आणि डिजिलॉकरमध्येही. मेन स्विच कुठे, गॅस कुठून बंद करायचा, हे मुलं पाहुण्यांना दाखवतात इतकं अंगवळणी पडलंय. थोरलीला आजीच्या गोळ्यांची वेळ आणि नावं माहीत आहेत. पावसाळ्याआधी एका रविवारी आम्ही सगळे मिळून हे बघून घेतो. कोकणातल्या प्रत्येक घरात हे व्हावं असं मला मनापासून वाटतं, मग मूल पुढे काहीही होवो.

खडूफळा:
@अबोली, तुमचं उत्तर राहूनच गेलं. सहाव्या वर्षी कोडिंग नाही शिकली म्हणून कुणी मागे पडत नाही. मी पहिली-दुसरीला शिकवतो, अनुभवाने सांगतो: तिला रोज गोष्ट वाचून दाखवा, मराठीत, आणि मधेच थांबून ‘आता काय होईल’ विचारा. नाणी-नोटा हाताळू द्या. खाली खेळायला सोडा आणि भांडण झालं तर लगेच धावू नका. ज्या मुलाला तिसरीपर्यंत स्वतःच्या भाषेत नीट वाचता आणि सांगता येतं, ते पुढे काहीही शिकतं. ज्याला येत नाही ते पाचवीत प्रत्येक विषयात अडकतं, आणि ते अडकलेपण मी फार पाहिलंय.

अबोली:
धन्यवाद गुरुजी. खूप हलकं वाटलं.

हिशेबनीस:
मुलांना तयार करण्याबद्दल सगळे लिहितायत, पण निम्मी तयारी आईबापांची स्वतःची असते. माझा व्यवसाय हिशेबांचा आहे, रोज घरं बघतो. कमावता माणूस अचानक गेला की मुलाचे गुण, संस्कार सगळे बाजूला राहतात आणि शिक्षण थांबतं ते पैशामुळे.

मुलाच्या नावाने एंडोमेंट पॉलिसी (विमा आणि बचत एकत्र) घेण्याआधी कमावत्याचा साधा टर्म विमा (माणूस गेला तरच रक्कम देणारा) घ्या. नवऱ्याने तो घेताना १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतला तर ती रक्कम बायको-मुलांचीच राहते, धंद्यातल्या देणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही. पण हे अर्ज भरतानाच करावं लागतं. कर्ज काढून धंदा करणाऱ्यांनी तर नक्की करावं. मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर सुकन्या समृद्धी ही सरकारी बचत योजना: वर्षाला किमान २५० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, पंधरा वर्षं भरायचे. आणि मृत्युपत्र! पस्तिशीतल्या जोडप्याला म्हटलं की दचकतात. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर होतं, स्टॅम्प पेपर लागत नाही. दोघांनाही काही झालं तर मुलाला कोण सांभाळेल हे त्यात लिहा, आणि त्या माणसाला आधी विचारा.

शेवटचं थोडं कटू आहे. स्वतःच्या म्हातारपणाचे पैसे मोडून मुलाच्या परदेशी शिक्षणात घालू नका. शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला मिळत नाही. तिशीतल्या मुलावर एकीकडे डळमळीत नोकरी आणि दुसरीकडे आईबापांचा पूर्ण खर्च, अशी वेळ आणली तर त्याला नवं काही करून बघायची मोकळीकच राहत नाही.

माणदेशी:
साहेब, लाखाची गोष्ट. आमच्या गावात एका मुलासाठी साडेतीन एकर गेलं, आणि तो मुलगा आता बापाला तोंड दाखवायला लाजतो.

मीठमिरची:
धाग्यामुळे हिंमत आली. काल रात्री जेवताना आम्ही मुलाला सगळं सांगितलं. बाबांच्या कंपनीत काय चाललंय, फ्लॅटचा हप्ता किती, पगार बंद झाला तर काय काय बंद करावं लागेल. तो गप्प ऐकत होता. आज सकाळी म्हणाला, ‘मग माझा क्लास बंद करा, मी यूट्यूबवरून करतो.’ मला भरूनही आलं आणि काळजीही वाटली. आपण त्याच्यावर भार टाकला का? याला काय उत्तर द्यावं, कुणी सांगाल?

पहिलीपिढी:
ताई, मी तुमच्या मुलाच्या जागी होतो, म्हणून सांगतो. वडील मला ‘पैसे नाहीत’ एवढंच सांगायचे. किती नाहीत, कधीपर्यंत नाहीत, हे कधीच नाही. त्यामुळे मी वही मागायलाही घाबरायचो, आणि सहलीला मला पोटदुखी व्हायची. भार खऱ्या परिस्थितीचा नव्हता, आकडा माहीत नसल्याचा होता.

आज रात्री त्याला घेऊन बसा आणि दुसरी बाजूही दाखवा. बँकेत किती आहेत, पगार थांबला तर किती महिने घर चालेल, तुमची स्वतःची कमाई असेल तर ती किती. क्लासचे पैसे त्या हिशेबात बसत असतील तर क्लास बंद होणार नाही, आणि हा निर्णय आईबाबांचा आहे, तुझा नाही, हे स्पष्ट सांगा. त्याला काहीतरी करायचंच आहे तर करू द्या: महिन्याचं किराणा आणि विजेचं बिल त्याच्या ताब्यात द्या, काय कमी करता येईल ते त्याने शोधावं.

हिशेबनीस:
@पहिलीपिढी, अगदी बरोबर. ताई, जोडीला एक करा. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीने चालवायचं बचत खातं उघडता येतं, बऱ्याच बँका देतात. किराण्याचे पैसे त्या खात्यात टाका, खर्च त्याला करू द्या. आणि ओटीपी कुणाला सांगायचा नाही, फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन करायचा, हे पहिल्याच दिवशी सांगा.

मीठमिरची:
करते. शनिवारी बँकेत जाऊ, तोवर आज रात्री आकड्यांची वही काढते. नवऱ्यालाही सगळे आकडे माहीत नाहीत, त्यामुळे तोही बसेल.